रूथचा संप

आमच्या घरात दोन संप झाले. एक गिरणीचा. तो सगळ्या मुंबईला माहीत आहे आणि त्याच्यावर माझ्यापेक्षा जाणत्या माणसांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. दुसरा माझ्या धाकट्या बहिणीचा, रूथचा. तो लालबागच्या आमच्या एका खोलीत झाला, त्याला कुणी पुढारी नव्हता, आणि तो थेट देवाविरुद्ध होता. पहिल्या संपाने आमचं घर विस्कटलं. दुसऱ्याने ते सावरलं, असं मी म्हटलं असतं तर आईने डोळे वटारले असते. पण आई आता नाही, माझी साठी उलटली आहे आणि हे प्रकरण मी लिहिते आहे, तेव्हा माझंच खरं.

चाळीत आम्ही एकटेच ख्रिस्ती. बाकी सगळी कोकणातली माणसं, आम्ही नगरकडचे. बाबा गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे जिथे कापड विणायचे माग चालतात तिथे. आईची आई बायबलबाई होती, गावोगाव पायी फिरून बायांना येशूच्या गोष्टी सांगणारी. त्यामुळे आईला धर्म दुधातूनच मिळालेला, आणि आम्हालाही तो तसाच, साय न काढता पाजायचा तिचा निश्चय होता. दिवाळीत गॅलरीच्या ज्या तारेला शेजारच्या सावंतांचा कंदील लागायचा, त्याच तारेला नाताळात आमचा तारा लागायचा, आणि दोन्ही वेळा स्टुलावर चढायचे ते सावंतकाकाच. काकाही बाबांच्याच खात्यात. सावंतकाकू गणपतीत मोदक पाठवायची, आम्ही नाताळात करंज्या पाठवायचो, आणि कुणाचं सारण कमी गोड यावरून दोन्ही घरांत वर्षभर टोमणे चालायचे.

संध्याकाळची प्रार्थना हा आमच्या घराचा कणा. आई स्वयंपाक आटोपून स्टोव्हची चावी सोडायची, त्याचा फरफर आवाज हळूहळू मरायचा, आणि तो पूर्ण थांबला की आम्ही जिथे असू तिथून येऊन चटईवर बसायचं. आधी एक गीत. मग प्रत्येकाने शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एक वचन तोंडपाठ म्हणायचं. मग एकेकाने, डोळे मिटून, मनातलं मोठ्याने मागायचं, आणि शेवट बाबांनी करायचा. वचन नाही तर ताट नाही, हा नियम. शास्त्रात 'येशू रडला' असं एक दोनच शब्दांचं वचन आहे, ते जगातल्या सगळ्या ख्रिस्ती पोरांना ठाऊक असतं. आम्हीही ते वापरून वापरून इतकं झिजवलं की आईने त्याच्यावर बंदी घातली. भाकरी टोपल्यात झाकलेल्या असायच्या, पलीकडच्या खोलीतून काकूच्या तिकल्याचा, बांगड्याच्या त्या तिखट कालवणाचा, वास यायचा, आणि मी डोळे घट्ट मिटून देवाकडे काय मागायचे ते देवालाच ठाऊक.

बाबांची प्रार्थना मात्र ऐकण्यासारखी. साचेखात्यात हजार माग एकदम धडधडतात, तिथे शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. त्यामुळे साचेवाल्यांना हळू बोलणं जमतच नाही. बाबा देवाशीही तसेच बोलायचे. देव जणू पलीकडच्या मागावर उभा आहे आणि त्याला ऐकू येत नाही, अशा आवाजात ते आजाऱ्यांसाठी, परीक्षेला बसलेल्यांसाठी, गावच्या पावसापाण्यासाठी मागायचे. सगळी गॅलरी ऐकायची. माझं गणित कच्चं आहे हे चाळीला माझ्या प्रगतिपुस्तकाआधी बाबांच्या प्रार्थनेतून कळायचं. मी रडून गोंधळ घातला तर म्हणाले, "अगं, मागायचं ते लाजून कसं चालेल?"

मग गिरण्या बंद पडल्या. सकाळचा भोंगा थांबला हे आधी कानांना कळलं. आई त्या भोंग्यावर उठायची. आता ती अंधारात उठून बसायची आणि वेळ झाली की नाही हे न कळून तशीच बसून राहायची. खाली मसाला कुटायचे डंके मात्र चालू होते. त्यांची ठणठण पूर्वी भोंग्यांत आणि गर्दीत विरून जायची, ती आता दिवसभर ऐकू यायची, आणि भाजलेल्या मिरचीचा खकाणा जिन्यापर्यंत यायचा. पुरुषमाणसं गॅलरीत पत्ते कुटत बसायची. पहिले काही महिने तर ती सुट्टीच वाटली. नंतर गावाहून येणारी ज्वारी संपत आली, भाकरीच्या जागी पेज आली, चहा काळा झाला. काकूच्या गावाहून आलेले सुके बोंबील ती आम्हाला द्यायची आणि वर म्हणायची, "खावा गो, तुमच्या करंजीत तरी खय सारण असता!" त्या दिवसांत हा टोमणा आम्हाला फार गोड लागायचा.

रूथ तेव्हा तिसरीत. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि तोंड अखंड चालू. बाबा गिरणीच्या गेटवरच्या सभेला जायचे तेव्हा ही त्यांचं बोट धरून हमखास. भाषणातले शब्द तिला पाढ्यांपेक्षा लवकर पाठ व्हायचे. मागण्या, वाटाघाटी, एकजूट. ती बाहुल्यांचीही सभा घ्यायची. आणि रोज संध्याकाळी तिची पाळी आली की ती एकच मागायची, "प्रभू येशू, बाबांची गिरणी चालू कर." आम्ही आमेन म्हणायचो. उन्हाळा गेला, पाऊस गेला, गणपती आले आणि गेले. ती रोज मागत होती आणि आम्ही रोज आमेन म्हणत होतो.

गणपती होऊन गेल्यावरची एक संध्याकाळ. स्टोव्ह थांबला, गीत झालं, मी माझं वचन म्हटलं. रूथची पाळी आली. काहीच ऐकू येईना म्हणून मी एक डोळा उघडला, तर ही हाताची घडी घालून, डोळे टक्क उघडे ठेवून बसलेली. एका वेणीची रिबीन सुटलेली होती आणि ती रिबीन, शास्त्र जिथे ठेवायचो त्या फळीच्या खिळ्याला, झेंड्यासारखी बांधलेली होती.

"रूथ, वचन," आई म्हणाली.

"मी नाही म्हणणार. मी संपावर आहे."

"कसला संप?"

"देवाशी. मी रोज मागते, तो ऐकतच नाही. मागणी मान्य होईपर्यंत वचन बंद, प्रार्थना बंद."

मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी आईचा चेहरा पाहून ते गिळावं लागलं. ती पांढरीफटक पडली होती. तिचा हात उगारला गेला, आणि बाबांनी तो वरच्यावर धरला.

"मारू नकोस. संपकऱ्याला मारतात का?"

"अहो, तुम्ही हसण्यावारी नेताय? देवाच्या तोंडावर बोलते आहे ती! हिच्या बाप्तिस्म्याला सगळ्या मंडळीसमोर उभी राहून मी शब्द दिलाय, प्रभूच्या वाटेने वाढवीन म्हणून. तुम्ही पण दिलाय. सांगा तिला काहीतरी."

आईने मग नियम बोलून दाखवला, वचन नाही तर ताट नाही. रूथ म्हणाली, "नको ताट." तेव्हा बाबांनी आपल्यापुढचं रिकामं ताट हळूच सरकवलं आणि म्हणाले, "मग माझंही उचल. हिला पाठिंबा." आईला वाटलं ते चेष्टाच करताहेत. मलाही तसंच वाटलं. पण रूथ तेवढ्यात फणकाऱ्याने म्हणाली, "पाठिंबा कशाला? बाबांचा तर माझ्याआधीपासूनच चालू आहे. ते कुठे प्रार्थना करतात? नुसतं आमेन म्हणतात."

ते खरं होतं. किती आठवडे झाले असतील कोण जाणे, शेवटची प्रार्थना आई करत होती. बाबा थकलेत, बाबांचा घसा बसलाय, असं काहीतरी सांगून ती करायची आणि आम्ही ते धरून चाललो होतो. संपात घरी बसलेल्या माणसाचा घसा कशाने बसेल, हा प्रश्न घरात फक्त तिसरीतल्या पोरीला पडला होता. बाबा खाली मान घालून चटईची काडी उपटत बसले. त्यांनी नाही म्हटलं नाही.

आई उठून मोरीत गेली आणि नळाला पाणी नसताना बराच वेळ तिथेच उभी राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण तिने काही न बोलता चारही ताटं वाढली. त्या दिवसापासून आधी जेवण आणि मग प्रार्थना, असा आमच्या घराचा क्रम उलटा झाला, तो आजतागायत. तिने हे कधी कुणाला समजावून सांगितलं नाही. तिच्यासारख्या बाईने पोराच्या भुकेपुढे आपला नियम मोडला याचं मला तेव्हा नुसतं बरं वाटलं होतं. पुढे मला मुलं झाली तेव्हा तिचं मोठेपण कळलं.

पण म्हणून तिची भीती कमी झाली नव्हती. रात्री भांडी घासताना ती माझ्याशी हळू आवाजात बोलायची. गिरणी आज ना उद्या उघडेल, नाही उघडली तर धुणीभांडी करीन, पण या दोघांचं देवाशी बोलणं कायमचं तुटलं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? मी सोळा वर्षांची, मी काय सांगणार? प्रार्थनेच्या वेळी आता आम्ही दोघीच बोलायचो. बाबा आणि रूथ शेजारी शेजारी, एकाच खात्यातल्या दोन संपकऱ्यांसारखे, मुकाट बसायचे. नाताळ जवळ येत होता, रविवारशाळेत रूथला वचनं म्हणायची होती, आणि तिने बाईंना सरळ सांगून टाकलं होतं की तोडगा निघाल्याशिवाय जमणार नाही. पाळकसाहेबांनी आईला चर्चच्या पायरीवर थांबवून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" आईने हो म्हटलं आणि वाटभर माझा हात दाबून धरला.

आणि मग तो मोर्चाचा दिवस आला. बाबा आणि सावंतकाका सकाळीच बरोबर गेले. संध्याकाळी बाबा एकटेच परतले, सदऱ्याची बाही फाटलेली. पोलिसांनी लाठ्या उगारल्या, पळापळ झाली आणि गर्दीत काकांचा हात सुटला, एवढंच ते सांगू शकले. चाळीतले दोघे-तिघे चौकीवर जाऊन आले, तिथे काका नव्हते. इस्पितळातही नव्हते. दिवेलागण झाली. डंकेसुद्धा थांबले. काकू दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि एकाएकी ती आमच्या उंबऱ्याशी आली.

"भावोजी, मी गणपतीक नारळ बोललंय," ती बाबांना म्हणाली. "आता तुमच्या येशूकव सांगा. हल्ली तुमचो आवाज ऐकाक येणा नाय. काय झाला? मागा ना पयल्यासारख्या मोठ्यान. आमचे हे अजून इले नाय."

बाबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आम्हाला वाटायचं, चाळीला आमची प्रार्थना म्हणजे कटकट. आणि ही बाई, भिंतीपलीकडून, रोज त्या आवाजाची वाट बघत होती, तो थांबला तेव्हा तिला चुकल्यासारखं झालं होतं. बाबांच्याच हातातून काकांचा हात सुटला होता, त्यांनी कुठल्या तोंडाने मागायचं? ते रूथकडे बघत राहिले.

रूथ गंभीर झाली होती. तिने बाबांच्या कानाशी जाऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बाबा, संपात हे चालतं का?"

बाबांनी खरोखर विचार केला. सभेत कुणी शंका विचारली तर करावा तसा. मग म्हणाले, "चालतं. संपातून दूध आणि दवाखाना वगळतात. दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आला की संप आडवा येत नाही."

"म्हणजे आपण फुटलो असं होत नाही ना?"

"नाही गं बाळा. नाही होत."

रूथ चटईवर बसली. काकू उंबऱ्यातच बसली. रूथने डोळे मिटले आणि म्हणाली, "प्रभू येशू, आमचा संप मागे घेतलेला नाही. पण सावंतकाकांना घरी आण. ते आमचा तारा लावतात." एवढं म्हणून ती अडली, आणि तिथून पुढे बाबांनी उचललं. आधी घोगरं, मग खणखणीत. कित्येक महिने कोंडलेला तो साचेखात्याचा आवाज खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून जिन्यात गेला. काकांसाठी मागता मागता ते चौकीत अडकलेल्यांसाठी मागू लागले, गावी निघून गेलेल्यांसाठी, ज्यांच्या चुली पेटल्या नाहीत त्यांच्यासाठी. मध्येच त्यांनी देवाला स्पष्ट विचारलं की तू इतके दिवस होतास कुठे? आईने यावेळी त्यांना अडवलं नाही. तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती हसत होती. मीही सरळ रडत होते. एकेका खोलीतून माणसं बाहेर येऊन आमच्या दारासमोर उभी राहिली, कुणी हात जोडलेले, कुणी टोपी काढलेली.

तेवढ्यात गर्दीच्या मागून कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "काय झाला? कोण गेलो?"

ते सावंतकाका होते. पायात एकच चप्पल. दारात माणसं जमलेली, सगळ्यांच्या माना खाली, आतून रडण्याचा आवाज, तेव्हा दानियलभाऊंच्या, म्हणजे आमच्या बाबांच्या, घरी कुणीतरी गेलं अशा समजुतीने त्यांनी डोक्यावरची टोपीही काढली होती. पळापळीत ते थेट शिवडीला चुलतभावाच्या खोलीवर पोचले होते, आणि बाहेर शांत होईपर्यंत भावाने त्यांना सोडलं नव्हतं. चहाबरोबर बटर-बिस्किटं खाऊन, सावकाश चालत आले होते.

काकूने त्यांना वर-खाली न्याहाळलं, सगळे हातपाय जागेवर आहेत याची खात्री केली, आणि मग तिचा बांध फुटला. "हंय माझो जीव जाता आणि तुमी थंय चाय पित बसलास?" काका बापडे एका पायावर उभे. पहिलं कोण हसलं ते आठवत नाही, पण ते हसू सगळ्या गॅलरीत पसरलं. इतक्या महिन्यांत चाळ अशी हसली नव्हती. बाबा हसता हसता भिंतीला टेकून खाली बसले आणि रूथला त्यांनी छातीशी घेतलं. मला इतकं हायसं वाटलं की मी मागचापुढचा विचार न करता आईच्या गळ्यात पडले. काका परत आले म्हणून तर होतंच. पण घरात बाबांचा आवाज परत आला होता.

काका शिवडीहून निघाले तेव्हा रूथने प्रार्थनेला अजून डोळेही मिटले नव्हते, हे मला हिशेबाने कळतं. माझा मुलगा कॉलेजात असताना त्याने हे मला फार हुशारीने समजावून सांगितलं होतं. मी त्याला म्हटलं, बरोबर आहे तुझं. काकूने मात्र गणपतीला नारळही फोडला आणि नाताळच्या रविवारी आमच्याबरोबर चर्चमध्ये येऊन मेणबत्तीही लावली. कुणाचं काम कुणी केलं या वादात ती पडली नाही.

गिरणी उघडलीच नाही, निदान बाबांसाठी नाही. संप मिटला असं त्यांना कधी कुणी येऊन सांगितलं नाही. पुढे ते एका गोदामात राखणदार झाले, आईने पोळीभाजीचे डबे केले आणि दिवस निघाले. रूथनेही आपला संप कधी मागे घेतला नाही. ती लाल रिबीन खिळ्याला तशीच राहिली, विटून गुलाबी झाली, खोली सोडताना आईने ती घडी करून शास्त्रात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून रूथ रोज प्रार्थना करायची, पण सुरुवात ठरलेली, "प्रभू येशू, आमचा संप मागे घेतलेला नाही, पण..." आणि त्या 'पण'च्या पुढे सगळं जग असायचं. बाबा शेवटपर्यंत मोठ्याने मागत राहिले, भांडायचे तिथे भांडले. ते वारले तेव्हा रूथने दफनाच्या वेळी याच शब्दांनी सुरुवात केली. पाळकसाहेब नवे होते, ते दचकले. आम्ही नाही.

मागच्या महिन्यातली गोष्ट. मुलाकडे सगळे प्रार्थनेला बसलो होतो. माझ्या सहा वर्षांच्या नातीची पाळी आली आणि तिने हाताची घडी घालून सांगितलं, "मी नाही म्हणणार." सूनबाईचा चेहरा तसाच पांढरा पडला, जसा मी एकदा पाहिला होता. ती काही बोलणार तोच मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. नातीजवळ सरकून बसले. खिडकीबाहेर कुठलाच भोंगा नव्हता, कधीचाच नाही. "बरं," मी नातीला म्हटलं, "तू जेवलीस ना पोटभर?" तिने मान हलवली.

"मग सांग आता. मागणी काय आहे?"